चहातली अंडी, तडा गेलेली

प्रिय बल्लव,

कपबशीवाल्याचा नमस्कार घे. तुझे गुडघे, तुझी कवळी आणि तुझा डावा कान (उजव्याने राजीनामा दिल्याचं तू मागेच कळवलंस) ही सगळी मंडळी अजून एका घरात नांदत असतील, अशी आशा करतो. खरं तर फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला मी 'हिला बरं नाही' असं दुकानात उभा राहून जीव तोडून ओरडलो आणि तू पलीकडून 'वा वा, अभिनंदन!' म्हणालास. पुन्हा ओरडलो, तर म्हणालास, 'पेढे ठेव बाजूला.' गिऱ्हाइकं हातातले कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. तेव्हाच ठरवलं, की तुझ्याशी यापुढे कागदावर बोलायचं. वाटणी बघ कशी झाली. आपण दोघांनी एका हातगाडीवर कपबश्या विकल्या. तू कंटाळून बोटीवर आचारी झालास, मी चिवटपणा करून गाडीचं दुकान केलं. आता म्हातारपणी तुझे कान गेले, ते बहुधा पत्ता चुकून माझ्याकडे आले असावेत. मला हल्ली नको ते सगळं ऐकू येतं.

गेल्या चिठ्ठीत मी तुझ्याकडे चहातल्या चिनी अंड्यांची कृती मागितली आणि कारण लिहिलं नाही. तू लगेच पाठवलीस, वर 'या वयात काय डोहाळे?' असंही विचारलंस. तर ऐक. (वाच.) डोहाळे हिचे. ही आजारी आहे, आणि साधं पडसं-खोकल्याचं आजारपण नाही. औषधांचा पहिला हप्ता संपला. त्याने दुखणं किती गेलं ते कोणी सांगत नाही, पण तोंडाची चव मात्र मुळासकट गेली. काहीही दिलं तरी ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतं म्हणते. डॉक्टर म्हणतात, अंगात जरा ताकद आल्याशिवाय दुसरा हप्ता सुरू करता येणार नाही. ताकदीसाठी खाल्लं पाहिजे. खाल्लं नाही तर औषध नाही, आणि औषध नाही तर... इथे ते वाक्य सोडून देतात आणि बॅग आवरायला घेतात. माणूस सज्जन आहे, पण त्याच्या बॅगेची चेन फार सावकाश लागते.

वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई येऊन हिचे कपडे आत घेऊन जाते. सगळेच सैल झालेत. मी तिला दारात गाठून सांगितलं, की टाके कच्चे घाला, पुन्हा सोडायचे आहेत. ती 'हो हो' म्हणाली. तिचं 'हो' मला फारसं आवडलं नाही.

कारण कान, बल्लवा. तुला आठवत असेल, आपल्या धंद्यात कप डोळ्यांनी घेत नाहीत. नखाने टिचकी मारायची. धड कप 'टण्' म्हणतो, तडा गेलेला 'बद्द' बोलतो. वर गुलाबाची फुलं काढा नाहीतर सोन्याची कड लावा, बद्द तो बद्द. या एका टिचकीवर मी दुकान उभं केलं, घर घेतलं, आणि तुझ्यासारख्या शहाण्यांना 'कानावर विश्वास ठेवा' असं सांगायला मोकळा झालो. पण दुकानाचं शटर ओढता येतं, कानाला शटर नाही. भरलेला वाडगा आणि रिकामा वाडगा यांचा आवाज वेगळा असतो, हे मला सांगायला कोणी लागत नाही. ही भिंतीकडे तोंड करून बसते, सुपाच्या वाडग्यावर चमचा व्यवस्थित वाजवते, मधूनमधून फुंकरसुद्धा घालते. काय नाटक! आणि मी बाहेरच्या खोलीतून सांगतो, की वाडगा अजून काठोकाठ भरलेला आहे. त्यावर ही म्हणते, 'बाकीच्या बायकांना बरे बहिरे नवरे मिळाले.' (इथे तुझं नाव निघालं होतं. चांगल्या अर्थाने.)

म्हणून मी दुकान पेंढ्यावर सोपवलं आणि हिच्या उशाशी खुर्ची टाकली. पेंढ्या म्हणजे आपला जुना पॅकर, जो कपबश्या पेंढ्यात बांधता बांधता स्वतःही वाळून पेंढा झाला, तोच. मी उशाशी काही करत नाही. नुसता बसतो. श्वास ऐकतो, घोट घेतला की घसा ऐकतो, कूस बदलली की पलंग ऐकतो. ही म्हणते, 'जा की जरा दुकानात.' मी म्हणतो, 'इथे बरं आहे.' ही म्हणते, 'तुम्हाला बरं आहे.' असा आमचा संसार चालला असताना एका सकाळी, छताकडे बघत, ही म्हणाली, 'त्या दातवाल्याच्या बायकोची अंडी खावीशी वाटतात.' मी इतक्या जोरात उठलो की खुर्ची उलटी पडली.

दातवाला तुला माहीत नाही. तू तेव्हा समुद्रावर होतास. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या खोलीला लागून एक चिनी दातवाला राहायचा. त्याच्या खिडकीत काचेच्या कपाटात कवळ्या हसत बसलेल्या असायच्या, आणि अंधार पडला की मी त्या बाजूने न बघता जिना चढायचो. त्याची बायको आठवड्यातून एकदा सकाळीच पातेलं चढवायची. अख्ख्या बोळात चहाचा, चक्रीफुलाचा आणि आणखी कसला तरी काळपट, खारट वास दिवसभर तरंगायचा. मग संध्याकाळी ती वाटीवर बशी झाकून आमच्याकडे दोन अंडी आणून द्यायची. आम्ही माणसंही दोनच. सोलली की पांढऱ्यावर तपकिरी रेघांची जाळी, जणू कोणी बारीक निबाने काढलीय. ती दोन्ही अंडी अजून माझ्या जिभेवर आहेत. पुढे दातवाला कवळ्यांसकट कुठेतरी निघून गेला आणि आम्ही घर बदललं.

तर तुझी कृती. ती मी पाठ केली आहे, त्यामुळे नाकबूल करू नकोस. अंडी उकड, कवच सोलू नको, नुसतं चहूबाजूंनी तडकव. मग काळा चहा, दालचिनी, चक्रीफूल, साखर, मीठ आणि 'एक डाव सोया सॉस' घालून मंद आचेवर ठेव आणि नंतर त्याच पाण्यात रात्रभर मुरू दे. एवढंच. तू लिहिलं होतंस, 'हे कोणा गाढवालाही जमेल.' बल्लवा, चिनी मातीवर आयुष्यभर पोट भरलेल्या माणसाला चिनी अंड्याने हात टेकायला लावले आहेत.

पहिल्या दिवशी मी अंडी उकडून, गार करून, ओळीने मांडली. चमचा घेतला. आणि हात उठेना. तू हसशील, पण ज्या बोटांना जन्मभर एकच शिकवलं की टिचकी मार पण फोडू नको, त्यांना एका सकाळी 'फोड' म्हणून सांगितलं तर ती बिथरणार नाहीत का? शेवटी मन घट्ट करून एकेक अंडं उचललं, ठोकलं, कानाशी नेलं. काही तडकली, काही नाही तडकली. मी आपला सराईतपणे निवड करत गेलो. धड माल उजवीकडे, तडा गेलेला माल डावीकडे. मग उजवीकडची सगळी अंडी पातेल्यात सोडली. डावीकडची शिंपीणबाईला नेऊन दिली, वर 'थोडी तडकलीत, चालवून घ्या' असं म्हणालो. दिवसभर पातेल्याशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी मोठ्या दिमाखात हिच्यासमोर एक अंडं सोललं. आत पांढरंफेक! रेघ नाही, जाळी नाही, चव नाही. चहात पोहून आलेलं कोरडं अंडं. ही अंड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, 'तडकलेली कुठे गेली?' मी सांगितलं. त्यानंतर ही हसली. हसताना खोकला आला, खोकल्यापायी दम लागला, आणि मला अंडी बनवण्याची लाज वाटायला लागली. पण ही हसली, हे लिहून ठेवतो.

(शिंपीणबाईंनी ती तडकलेली अंडी मीठ लावून खाल्ली. छान होती म्हणे.)

दुसऱ्या खेपेला चिडून पुन्हा. म्हटलं, आज दया दाखवायची नाही. अंड्यांना असं बदडलं की काहींची कवचं जागच्या जागी निघून आली आणि एकाचा पिवळा बलक थेट पंख्यापर्यंत जाऊन आला. आता इथे तुझा गुन्हा येतो. 'एक डाव सोया सॉस.' आमच्या घरातला डाव लहान दिसला, म्हणून मी विचार केला, बल्लव कधी हातचं राखून लिहीत नाही, आपण दुकानातला मोठा आणावा. पेंढ्याने तो पेंढ्यात गुंडाळून, सुतळी बांधून, वर 'जपून' असं लिहून पाठवला. लोखंडाचा डाव! तो भरून सोया सॉस घातला. पातेल्यात रस्ता बांधायचं डांबर दिसायला लागलं. अंडी निघाली ती कोळशासारखी. हिने जिभेचं टोक लावलं आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, 'समुद्र आठवला.' मग पाणी मागितलं. मग आणखी मागितलं. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांना ऐकून बरं वाटलं, की आज पाणी पुष्कळ पोटात गेलं. म्हणाले, 'जे काही करताय ते चालू ठेवा.' मी त्यांना पातेलं दाखवलं नाही.

त्यांना मी जाताना जिन्यात गाठून विचारलं, की दुसरा हप्ता कधी? ते म्हणाले, 'बघू.' बल्लवा, गिऱ्हाईक 'बघू' म्हणून दुकानाबाहेर जातं, ते परत येत नाही, हे मला कळतं. पण डॉक्टर परत येतात. त्यामुळे या 'बघू'चा नेमका अर्थ काय घ्यायचा, याचा धंद्यातला अनुभव मला नाही.

तिसऱ्या खेपेला मी शांतपणे बसलो. छोटा चमचा, छोटा डाव, आणि तुझ्यावरचा राग बाजूला काढून ठेवलेला. अंडं तळव्यात धरून, फिरवत फिरवत, चमच्याच्या पाठीने हलके हलके ठोकत गेलो आणि पहिल्यांदाच उलटं ऐकायला लागलो. 'टण्' आला की पुढे ठोकायचं. 'बद्द' आला की थांबायचं. आयुष्यभर ज्या आवाजाने माझं तोंड कडू झालं, त्याची वाट बघत बसायचं! एकेक अंडं बद्द बोलत गेलं आणि मी 'शाबास' म्हणत गेलो. शिंपीणबाई हिच्यापाशी बसायला आली होती, ती स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, 'तडा गेला तरच आत रंग जातो, नाही का भाऊ? माणसाचंही तसंच.' मी म्हटलं, 'बाई, हे तत्त्वज्ञान माझ्या दुकानात बोलू नका, माल परत पाठवता येणार नाही.' माणसाचं तसं नसतं, बल्लवा. मी ऐकतोय ना रोज. माणसाला तडा गेला की आतलं बाहेर जातं, बाहेरचं काही आत जात नाही. सूपसुद्धा नाही.

पण अंडी झाली. मुरल्यावर एक सोललं आणि दातवाल्याचा अख्खा बोळ घरात आला. तीच जाळी, तोच तपकिरी रंग. मी ते आपल्या दुकानातल्या सर्वात चांगल्या बशीत (निळ्या काठाची, जी मी गिऱ्हाइकाला दाखवतो आणि विकत नाही) ठेवून हिच्यासमोर नेलं. हिने अंडं उचललं, उजेडात धरलं, फिरवून बघितलं. म्हणाली, 'असा माल तुम्ही घेतला असता का?' मी प्रामाणिकपणे म्हणालो, 'नसता घेतला.' 'मग मला बरा देताय.' असं म्हणून एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. मी खुर्चीत बसलो. चावल्याचा आवाज आला. घोट गेल्याचा आवाज आला. मग दुसरा तुकडा. मग बलक. बल्लवा, हिने एक अख्खं अंडं खाल्लं. बशी रिकामी झाली तेव्हा मी तिला नखाने टिचकी मारून पाहिली. उगीचच. टण् वाजली.

'कसं झालंय?' विचारलं. 'तसंच,' म्हणाली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कधी मिळालेलं नाही. तेव्हापासून मी एक दिवसाआड पातेलं चढवतो आणि ही एक दिवसाआड एक अंडं खाते. ताकद आली की नाही ते डॉक्टर सांगतील. टाके अजून सोडलेले नाहीत, पण आणखी आतही घेतलेले नाहीत. एवढ्यावर सध्या दुकान चाललं आहे.

तुझ्या कृतीबद्दल उपकार मानतो, तुझ्या डावाबद्दल मानत नाही. गुडघ्यांना शेक दे. कवळी रात्री पाण्यात ठेवतोस ना? काचेच्या पेल्यात ठेवत जा, मी चांगला पाठवतो.

तुझा,
कपबशीवाला

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. आज सकाळी मी पातेल्याशी उभा होतो आणि शिंपीणबाई हिच्याजवळ बसली होती. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. बाई म्हणाली, 'काय बाई तो वास! आज पुन्हा अंडीच का?' ही म्हणाली, 'तीच. मला मेली पहिल्यापासून आवडत नाहीत. ती दातवाली आणून द्यायची, तेव्हा दोन्ही मी यांच्याच ताटात घालायचे.' बाई म्हणाली, 'अगं, मग करायला सांगितलीस कशाला?' ही म्हणाली, 'उशाशी बसून असायचे हो. माझा श्वास ऐकत. एखादा निसटला तर धरायला बसल्यासारखे. त्यांच्याकडे बघून मलाच श्वास घ्यायची भीती वाटायला लागली. म्हटलं, दिवसभर लागेल असं काहीतरी सांगावं. हात गुंतले की कान जरा सैल पडतात त्यांचे.'

मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभा राहिलो. आता दोन गोष्टी आहेत. एक तर, इतक्या वर्षांच्या संसारात मला ऐकू येऊ नये असं जे बोलायचं, ते ही गच्चीवर जाऊन बोलत आली आहे. या वेळी गच्चीपर्यंत जायचं बळ नव्हतं म्हणून खोलीत बोलली, की मला ऐकू जावं म्हणूनच बोलली, हे टिचकी मारून कळण्यातलं नाही. आणि दुसरी अशी, की जे अंडं हिला आवडत नाही ते हिने माझ्यासमोर अख्खं खाल्लं, मी कान टवकारून बसलेला असताना खाल्लं, पुन्हा पुन्हा खाल्लं, आणि मला त्यात एकदाही बद्द ऐकू आलं नाही. आयुष्यभर धंदा केला तो याच कानांवर. वर मी तुला जे काही कानांच्या बढाईचं लिहिलं आहे, ते खोडून वाच.

आणखी एक ता. क. आता खरं काम. तू एकदा सांगितलं होतंस, तुमच्या बोटीवरचा एक चिनी खलाशी अंड्यांना राख, चुना आणि चिखल थापून मडक्यात बंद करून ठेवायचा. महिनोन्महिने. आतून ती काळीनिळी होत जायची, आणि बोट निघताना ठेवलेली अंडी कुठल्या तरी भलत्याच बंदरात उघडायचा. ती कृती मला पाठव. मातीचं काम आहे, माती मला कळते. ती अंडी हिला आवडणार नाहीत, हे मला माहीत आहे आणि हिलाही माहीत आहे. तरी मी खोलीत जाऊन सांगितलं, की आता मडक्यातली अंडी करणार. ही म्हणाली, 'किती दिवस लागतात?' मी म्हटलं, बल्लवाला विचारून सांगतो. 'त्यांना म्हणावं, आम्हाला घाई नाही,' असं म्हणून हिने कूस बदलली. डॉक्टर इतक्या लांबचं कधी बोलत नाहीत.

तेव्हा तुझ्या आठवणीत जितके दिवस असतील त्यापेक्षा चार जास्तच लिही.